पंप खाली चालता कामा नये

आमच्या घरामागे एक स्विमिंग पूल आहे आणि त्यात आजवर कोणीही पोहलेलं नाही. मुळात तो पोहण्यासाठी बांधलाच नव्हता, चालण्यासाठी बांधला होता. चालण्याचं काय झालं ते शेवटी सांगतो. (आधीच सांगितलं तर माझी अब्रू पहिल्या परिच्छेदात जाईल. तिला निदान हिटरपर्यंत टिकू द्या.)

माझ्या सासूबाई, म्हणजे माई, कराडला एकट्या राहत. न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि मेधा, म्हणजे माझी बायको, त्यांना उज्जैनला घेऊन आली. हाड जुळलं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरून सांगितलं की हाडाची काही तक्रार नाही. पण माई पाय टेकायलाच तयार नव्हत्या. तळव्याला जमीन लागली की त्यांना न्हाणीघरातली ती ओली फरशी आठवायची आणि त्या डोळे मिटून पुन्हा खुर्चीत बसायच्या. जिनं एकटीनं घर, गोठा आणि खाष्ट सासरा सांभाळला ती बाई दिवसभर खिडकीकडे पाठ करून बसून राही. डॉक्टर म्हणाले, थंडी संपायच्या आत चालल्या तर चालल्या, नाहीतर पायांतली ताकद जाईल आणि मग खुर्ची कायमची. त्या दिवशी मेधानं स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडला. नळाखाली भांडं एकही नव्हतं.

उपाय डॉक्टरांनीच सुचवला. छातीइतक्या कोमट पाण्यात चालवा, पाणी अंग उचलून धरतं, पडायची भीती राहत नाही. गावात पोहण्याचे तलाव आहेत, पण थंडीत त्यांच्या पाण्यात बोट घालायची कोणाची हिंमत नाही. आता मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो. पाणी, उष्णता आणि वजन हे तीन शब्द एका वाक्यात ऐकल्यावर मी गप्प बसणं शक्यच नव्हतं. घरामागे अंगण होतं आणि माझ्याकडे अक्कल होती, असं मला तेव्हा वाटत होतं.

पुढचं सांगण्याआधी आमच्या भाषेचं सांगायला हवं. आमचे पूर्वज दरबाराचं दप्तर सांभाळायला माळव्यात आले ते इथलेच झाले. दरबार गेला, दप्तर गेलं, मराठी राहिली. पण इतक्या पिढ्या हिंदीच्या शेजारात काढल्यावर साखर-चहापत्तीबरोबर शब्दांचीही उसनवारी होतेच. (घेतलेले शब्द आम्ही परत करत नाही.) माई आल्या त्या पहिल्याच दिवशी मी अदबीनं म्हणालो, "चला माई, जेवण लागलंय." त्या दचकून म्हणाल्या, "कुणाला लागलं?" मेधानं समजावलं की इथे पानं वाढली की जेवण 'लागतं'. तेव्हापासून मी काही बोललो की माई क्षणभर थांबत, मनातल्या मनात माझ्या वाक्याचं मराठी करून घेत आणि मग उत्तर देत.

आणि दुसरं म्हणजे मी जावई. माई जुन्या वळणाच्या. लेकीच्या घरचं घोटभर पाणी पिणंसुद्धा त्यांना जड जाई. त्याची फेड म्हणून की काय, त्यांनी एक नियम धरला होता: जावयाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. एकदा जेवताना मी सहज म्हणालो, भाजी छान झाली आहे. ती कारल्याची होती. पुढे कितीतरी दिवस माई खुर्चीत बसून कारली चिरत होत्या आणि आम्ही निमूट खात होतो. मी तक्रार केली नाही, कारण दिवसभरात तेवढं एकच काम त्या आपणहून करत होत्या.

तर गणित. हौद सोळा फूट लांब, पाच फूट रुंद, माईंच्या छातीइतका खोल. पाणी झालं दहा हजार लिटर. (ज्यांना घोटभर जड, त्यांच्यासाठी.) एक किलोवॉटचा हिटर तासाभरात साडेआठशे लिटर पाणी एका अंशानं तापवतो, आणि आमच्या थंडीत ते पंधरा अंशांनी तरी चढवायला हवं. न्हाणीघरातला गीझर जोडला असता तर दिवसभरात जेवढं तापलं असतं तेवढं रात्रीतून निवलं असतं आणि आम्ही जन्मभर तापवतच बसलो असतो. म्हणून हिटर सहा किलोवॉटचा. पाणी त्यातून फिरवायला मोनोब्लॉक पंप, तोही बेताचा, चारेक तासांत हौदातलं सगळं पाणी एकदा फिरेल एवढाच. पाईप दीड इंची, कारण बारीक पाईप असला की पंपाची अर्धी ताकद पाणी ढकलण्याऐवजी पाईपशी भांडण्यात जाते. मेधा म्हणाली, हे तिला लग्नापासून ठाऊक आहे.

तिनं आणखी एक विचारलं, हौदाला झाकण कुठे आहे? तापवलेलं पाणी उघडं ठेवलं तर निवणार, एवढं तर चुलीवर हंडा ठेवणाऱ्या बाईलाही कळतं. मी तिला पृष्ठभागावरून होणाऱ्या उष्णतेच्या ऱ्हासावर एक छोटं व्याख्यान दिलं, ज्याचा सारांश झाकण हवं असा होता. जाड प्लास्टिकचं झाकण आलं.

हौद तयार झाला. मी त्याला पूल म्हणायचो, मेधा हौद म्हणायची, आणि शेजारचे व्यासजी, जे पंचांग बघितल्याशिवाय दाढीही करत नाहीत, ते त्याला कुंड म्हणायचे. बाबूलाल मिस्त्रींना घेऊन मी देवास गेटच्या बाजारातून पंप, हिटर आणि पाईप आणले. सामान उतरवताना बाबूलालनी बजावलं, "साब, बस एक बात. पंप खाली नहीं चलना चाहिए. सील जल जाएगी." मी मान हलवली. हे मला ठाऊकच होतं.

दुसऱ्या दिवशी नेमकी माझी परीक्षेची ड्यूटी लागली. (पुन्हा लागली. आमच्याकडे सगळं लागतंच.) मेधाचीही शाळा. निघताना मी माईंच्या खुर्चीसमोर उभा राहिलो, हात मागे बांधले आणि वर्गात सांगतो तसं सांगितलं, "माई, मिस्त्री आज फिटिंग करून राहिले आहेत. तुमचं लक्ष असू द्या. एकच गोष्ट ध्यानात ठेवा. काही झालं तरी पंप खाली चालता कामा नये."

माई या वेळी जराही थांबल्या नाहीत. "तुमचा शब्द आहे जावईबापू," त्या म्हणाल्या. "नाही चालणार."

त्यांच्या आवाजात बऱ्याच दिवसांनी जोर ऐकला आणि मला बरं वाटलं. आपण माणसाला जबाबदारी दिली की माणूस उभं राहतं, असा एक विचारही स्कूटरवर माझ्या मनात आला. तो विचार बरोबर होता. बाकी सगळं चुकलं होतं.

संध्याकाळी आलो तर फिटिंग झालं होतं, बाबूलाल दुसऱ्या कामावर गेले होते, आणि पंप अंगणातल्या जुन्या न्हाणीघराच्या छतावर होता.

मी खाली उभा राहून त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मला तो तिथे नको होता. माझ्या आराखड्यात मी तो हौदाच्या कडेला, पाण्याच्या पातळीखाली, छोट्या खड्ड्यात धरला होता. पण मिस्त्रीनं वर बसवला म्हणजे काही कारण असणार. विचारायचं कसं? मी प्रोफेसर, विचारलं तर मला कळलं नाही असं व्हायचं. (बाबूलालनी पुढे सांगितलं की त्यांनाही तो वर नको होता. पण "माताजी बोलीं, साब ने ऊपर कहा है", आणि साब प्रोफेसर, म्हणजे काही कारण असणार.) माईंना विचारलं, सगळं ठीक झालं ना? त्या समाधानानं म्हणाल्या, तुम्ही सांगितलं होतं अगदी तसंच. इतकं स्पष्ट उत्तर मिळाल्यावर आणखी काय विचारणार? व्यासजींनी कुंपणावरून विचारलं की मोटर छतावर का, तर मी त्यांना तीन कारणं दिली. पावसाळ्यात अंगणात पाणी साठतं, उंदीर वायर कुरतडतात आणि वरच्या वाऱ्यानं मोटर थंड राहते. तिन्ही कारणं मला ते विचारेपर्यंत ठाऊक नव्हती, पण सांगून झाल्यावर मला स्वतःलाच पटली.

पंप चालू केला. तो थोडा वेळ भरल्या आवाजात चालला, मग त्याचा सूर चढला आणि तो नुसताच किंचाळू लागला. हिटरचा दिवा लागला आणि विझला. पाणी फिरत नसेल तर तो हिटर आपणहून बंद होतो. पंप पाण्याच्या वर ठेवला तर त्याला पाणी ओढून घ्यावं लागतं, सांध्यातून जराशी हवा शिरली की पाणी सुटतं आणि पंप कोरडा फिरत राहतो. हे मी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो. फळ्यावर आकृती काढून शिकवतो. पण फळ्यावर न्हाणीघर नसतं, त्यामुळे माझ्या ध्यानात आलं नाही.

मी निष्कर्ष काढला की हिटर लहान पडतोय. दुप्पट ताकदीचा आणून लावला. तोही लागला आणि विझला, फक्त घरातले दिवे आधीपेक्षा जास्त मंद झाले. मग पाईपवर संशय घेतला आणि दीडाचे दोन इंची केले. जाड पाईपात हवाही जास्त मावते हे नंतर कळलं. मग पंप मोठा आणला. तो इतका जड होता की चौघांनी दोर लावून छतावर चढवला. त्यांच्यातला एक जण म्हणाला, नीचे ही रख दें? मी काही बोलायच्या आत मागून माईंचा आवाज आला, "खाली नाही. ऊपर!" एवढी हिंदी त्यांना येत होती.

या सगळ्यात एक रोजचं काम मला चिकटलं. पंपाच्या तोंडात वरून पाणी ओतलं की तो थोडा वेळ चालायचा. म्हणून रोज सकाळी कॉलेजला जाण्याआधी मी शिडी लावून छतावर चढायचो आणि तांब्यानं त्याच्या माथ्यावरच्या भोकात संथ धार धरायचो. दवानं मोटर बिघडू नये म्हणून माईंनी तिच्यावर इथल्या भैरवगढी छापाचं लाल कापड घालायला लावलं होतं. एका सोमवारी धार धरून वळलो तर व्यासजी कुंपणापाशी डोळे मिटून हात जोडून उभे. धार थांबल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "प्रोफेसर साब, कौन से महादेव बिठाए हैं?" मी म्हणालो, मोनोब्लॉक. त्यांनी पुन्हा नमस्कार केला.

माझं सगळं लक्ष छताकडे असल्यामुळे एक गोष्ट मी पाहूनही पाहिली नाही. माईंची खुर्ची सरकत होती. आधी ती खोलीत असायची, मग स्वयंपाकघराच्या दारात दिसू लागली, मग ओसरीत, मग लिंबाच्या झाडाखाली. मला वाटलं, मेधा सरकवत असेल. मेधाला वाटलं, मी. एकमेकांना आम्ही काही विचारलं नाही, कारण त्या दिवसांत आम्ही फारसं बोलतच नव्हतो. संक्रांत होऊन गेली होती, दुपारचं ऊन टोचायला लागलं होतं, डॉक्टरांची तारीख उद्यावर आली होती, आणि हौदातलं पाणी बर्फासारखं होतं. मेधा एवढंच म्हणाली, "तुम्ही खूप केलंत. आता राहू द्या." ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळी मी शेवटचा म्हणून छतावर चढलो. तांब्याऐवजी बादली नेली होती. सगळी बादली ओतली, बटण दाबलं, पंप चालला, अडखळला आणि किंचाळू लागला. मी बंद केला आणि तिथेच कठड्यावर बसलो. मला रडू येत होतं, खोटं कशाला सांगू? खाली अंगणात माई दिसल्या. मी वरूनच म्हणालो, "माई, माफ करा. माझ्याच्यानं झालं नाही. इतकं करूनही पंप खालीच चालून राहिला आहे."

माईंनी कपाळावर हात धरून वर बघितलं.

"खाली कुठं?" त्या म्हणाल्या. "वरच तर आहे की. मी रोज येऊन बघते."

"काय बघता?"

"वर आहे का ते. तुमचा शब्द होता, पंप खाली चालता कामा नये. तुम्ही दोघं कामावर जाता. मागं कुणी उतरवून खाली ठेवला तर? म्हणून सकाळी एकदा येते, दुपारी एकदा येते. आधी खुर्ची ढकलत यायची. आता भिंतीला धरून येते."

बोलता बोलता त्या लिंबाखालून शिडीपर्यंत आल्या होत्या. खुर्ची मागे ओसरीत होती. हाताशी भिंतही नव्हती.

मी वर बसून होतो आणि माझ्या डोक्यात एकच शब्द गरगर फिरत होता. बाबूलालचा खाली, माझा खाली आणि माईंचा खाली. मी हिंदीत सांगितलं असतं तर माईंनी थांबून त्याचं मराठी करून घेतलं असतं. मी मराठीत सांगितलं, तिथेच घात झाला. शब्द ओळखीचा, म्हणून त्या थांबल्याच नाहीत.

मी शिडी कशी उतरलो ते आठवत नाही. "माई," मी म्हणालो, "खाली म्हणजे... आमच्याकडे खाली म्हणजे रिकामा. पाण्याशिवाय."

माईंनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"मग रिकामा म्हणायचं," त्या म्हणाल्या. "रिकामा हंडा, रिकामं घर, रिकामटेकडा. चांगला शब्द आहे. वापरत जा."

आवाज ऐकून मेधा पोळपाट-लाटणं टाकून बाहेर आली. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे, मग आईच्या पायांकडे. मी काय झालं ते सांगायला लागलो, पण ती ऐकत नव्हती. ती धुण्याच्या दगडावर बसली आणि पिठाचे हात तोंडाला लावून रडायला लागली, मधूनच हसायला लागली. माई तिला म्हणाल्या, "अगं, तव्यावर पोळी करपली असेल," आणि कोणी हलत नाही असं पाहून स्वतःच आत गेल्या. ओसरीची पायरी चढताना त्यांनी चौकट धरली, पण चढल्या. मी जन्मभर पाणी, उष्णता आणि वजन शिकवलं आहे, पण इतकं जड काही छातीवरून उतरल्याचं मला आठवत नाही.

डॉक्टरांनी माईंना चालताना पाहिलं आणि खूश होऊन म्हणाले, बघा, मी म्हटलं नव्हतं? कोमट पाण्याचा फार उपयोग होतो. त्यांना इतर पेशंटसाठी माझ्या पूलची माहिती हवी होती. मी त्यांना सगळं समजावलं, किती लिटर, किती किलोवॉट, पाईप किती इंची. पाणी अजून थंडच आहे हे सांगायचं राहून गेलं. मेधानं टेबलाखालून माझा पाय दाबला, पण मी तोवर झाकणावर पोहोचलो होतो.

पुढच्या आठवड्यात पंप छतावरून उतरवून हौदाच्या कडेच्या खड्ड्यात बसवला. मोठा परत केला, जुना लहानच नवं सील घालून लावला, हिटरही जुनाच. पाणी फिरलं, तापलं आणि सव्वा दिवसात अगदी माझ्या गणिताप्रमाणे कोमट झालं. (ते एक बरोबर आलं, हे लिहून ठेवतो.) व्यासजी मात्र हळहळले. प्रतिष्ठापना झालेल्या जागेवरून असं उठवत नाहीत, म्हणाले. माई साडीचा काचा मारून हौदात उतरल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या आणि बाहेर आल्या. "पाणी छान तापलंय," त्या म्हणाल्या. "पण जावईबापू, चालायला जागा कमी आहे हो." त्यानंतर त्या पुन्हा उतरल्या नाहीत. त्या आता रोज सकाळी कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत चालत जाऊन येतात.

वाटेत व्यासजींच्या घरच्या बायका भेटल्या की माई त्यांना आपल्या नव्या हिंदीत सांगतात की माणसानं नेम धरला की पाय आपोआप चालतात, आणि त्यांचा नेम एकच, जावयाचा शब्द त्यांनी कधी खाली पडू दिला नाही. बायका माना डोलावतात आणि माझ्याकडे आदरानं बघतात. माईंनी माझा शब्द पडू दिला नाही हे खरंच आहे. तो मुळातच खाली होता, त्याला त्या तरी काय करणार?